तो, दो, फु, केन, शि, कु : जपानी पत्ता कसा वाचावा

जपानमधल्या कोयासान विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला गेला. त्या जागेचा पत्ता जपानी क्रमाने लिहिला तर तो असा होतो : वाकायामा-केन, इतो-गुन, कोया-चो, कोयासान. मराठीत आणताना ‘वाकायामा राज्य, इतो जिल्हा, कोया शहर’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण त्यातले तिन्ही शब्द चुकतात. केन म्हणजे राज्य नाही, गुनला आज ना कार्यालय आहे ना अधिकारी, आणि चो म्हणजे शहर नव्हे.

जपानी पत्ता मोठ्याकडून लहानाकडे येतो. जवळजवळ प्रत्येक नावाच्या शेवटी एक छोटा प्रत्यय असतो. जपानी लिपीत तो बहुधा एकाच अक्षराचा. हा प्रत्यय ठिकाणाचा आकार सांगत नाही. तिथला कारभार कोणत्या प्रकारच्या संस्थेकडे आहे आणि तुम्ही कोणत्या कचेरीचे रहिवासी आहात, हे सांगतो. एवढं लक्षात ठेवलं की पुढचे बरेचसे घोटाळे होत नाहीत.

सर्वांत वरच्या पातळीवर देशाचे ४७ भाग आहेत. त्यांना एकत्रितपणे ‘तोदोफुकेन’ म्हणतात, म्हणजे चार प्रत्यय एकापुढे एक ठेवून केलेला शब्द. त्यात ‘तो’ एकच, टोकियो-तो. ‘दो’ही एकच, होक्काइदो. ‘फु’ दोन, ओसाका-फु आणि क्योतो-फु. उरलेले ४३ सगळे ‘केन’. चार शब्द आहेत म्हणून चार दर्जे आहेत, असं समजू नये. फु आणि केन यांच्या अधिकारांत आज काहीच फरक नाही, तो केवळ इतिहासाने मागे ठेवलेला आहे. १८७१ मध्ये मेइजी सरकारने सरंजामी संस्थानं रद्द केली, तेव्हा ३ फु आणि ३०२ केन झाले. टोकियो, क्योतो आणि ओसाका ही तीन महत्त्वाची नगरं फु ठरली. त्याच वर्षाअखेर केनची संख्या ७२ वर आली, आणि १८८८ मध्ये कागावा एहिमेपासून वेगळा झाल्यावर आजचा ४७ चा आकडा जमला. होक्काइदोचा ‘दो’ त्याहून जुन्या वळणाचा आहे. प्राचीन काळी जपानचे मोठे विभाग ‘दो’ म्हणून ओळखले जात. तोकाइदो हे प्रसिद्ध नाव त्यातलंच. १८६९ मध्ये उत्तरेकडच्या बेटाला त्याच धर्तीवर नाव दिलं गेलं. म्हणूनच बोलताना आइची-केनचं नुसतं ‘आइची’ होतं, पण होक्काइदोचा ‘दो’ कधीच गळत नाही. ‘होक्काइ’ असं कुणी म्हणत नाही.

क्योतोच्या बाबतीत उलटी फसगत होते. ‘क्योतो’ या नावाचं शेवटचं अक्षर आणि टोकियो-तो मधला ‘तो’ प्रत्यय ही लिपीत एकच अक्षरं आहेत, अर्थ राजधानी. पण क्योतोमध्ये ते नावाचाच भाग आहे. प्रत्यय त्याच्यापुढे लागतो, म्हणून क्योतो-फु.

केनला मराठीत काय म्हणावं? क्षेत्रफळाने तो आपल्या जिल्ह्याजवळ जातो. सर्वांत मोठा केन इवाते सुमारे १५,२७५ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षा जरासा लहान. सर्वांत लहान कागावा १,९०० चौरस किलोमीटरही भरत नाही. होक्काइदो मात्र ८३ हजार चौरस किलोमीटरचा अपवाद. पण जिल्हा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सरकारने नेमलेला जिल्हाधिकारी येतो, आणि केनचा प्रमुख, ज्याला ‘चिजि’ म्हणतात, तो मतदारांनी थेट निवडलेला असतो. राज्य म्हणावं तर जपान संघराज्य नाही. केनची विधानसभा स्वतःचे कायदे करत नाही, संसदेच्या कायद्याच्या चौकटीत नियम करते. चिजिला मराठी बातम्यांत ‘राज्यपाल’ म्हटलं जातं ते तर अजिबात बरोबर नाही, कारण राज्यपाल नेमला जातो आणि चिजि चार वर्षांसाठी निवडून येतो. त्याला मुख्यमंत्रीही म्हणता येत नाही, कारण तो सभागृहातल्या बहुमतावर अवलंबून नसतो. महाराष्ट्र शासनाने २०१३ मध्ये वाकायामाशी सहकार्याचा करार केला, तेव्हा एका बाजूला राज्य होतं आणि दुसऱ्या बाजूला केन. दोघांच्या अधिकारांत मोठी तफावत आहे. केनला केनच म्हणावं आणि पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात खुलासा करावा, हेच उत्तम.

केनच्या खालची पातळी नगरपालिकांची : शि, चो आणि सोन. ‘शि’ म्हणजे शहर, ‘चो’ म्हणजे नगर किंवा गाव, ‘सोन’ म्हणजे खेडं. ७९२ शि, ७४३ चो आणि १८३ सोन, आणि त्यांत टोकियोचे २३ विशेष कु मिळवले की १,७४१ हा आकडा येतो. इतक्या संस्थांपैकी कोणतीही दुसरीच्या हाताखाली नाही. चो हा शिच्या अंमलाखाली नसतो आणि सोन चोच्या अंमलाखाली नसतो. प्रत्येकीला स्वतःचा निवडून आलेला प्रमुख आणि स्वतःचं सभागृह असतं.

चो आणि सोन या अक्षरांची प्रत्येकी दोन वाचनं आहेत, आणि इथे नवशिके नेहमी अडखळतात. चो चं दुसरं वाचन ‘माचि’, सोन चं ‘मुरा’. अर्थ तोच, अक्षर तेच. कोणतं वाचन घ्यायचं ते त्या त्या ठिकाणी ठरलेलं असतं. गरम पाण्याच्या झऱ्यांचं हाकोने हे हाकोने-माचि आहे, तर कोयासान ज्यात आहे ते कोया-चो. ढोबळ मानाने पूर्व जपानात माचि जास्त आणि पश्चिमेत चो जास्त. होक्काइदोत मात्र सगळे चो आहेत, फक्त मोरि हे एकटं मोरि-माचि. सोनचं वाचन बहुतेक ठिकाणी मुरा होतं, पण तोत्तोरि, ओकायामा, तोकुशिमा, मियाझाकि आणि ओकिनावा या पाच केनांमध्ये ते सोनच राहतं. तर्काने वाचन काढता येत नाही. त्या पालिकेच्या संकेतस्थळावर रोमन अक्षरांत काय दिलंय ते बघावं.

शि होण्यासाठी कायद्यात अटी आहेत. लोकसंख्या किमान ५० हजार हवी, किमान ६० टक्के घरं मध्यवर्ती वस्तीत हवीत, उद्योग, व्यापार किंवा तत्सम शहरी व्यवसायांवर जगणारे लोकही किमान ६० टक्के हवेत, आणि केनच्या नियमात सांगितलेल्या सोयी हव्यात. पण एकदा शि झालं की लोकसंख्या घटली म्हणून दर्जा जात नाही. होक्काइदोमधलं उताशिनाइ हे कोळशाच्या खाणींचं गाव. खाणी बंद पडल्या, माणसं निघून गेली, आणि २०२० च्या जनगणनेत तिथे तीन हजार लोकही उरले नव्हते. तरी ते उताशिनाइ-शि आहे. उलट हिरोशिमा-केनमधलं फुचु-चो, जिथे माझदा कंपनीचं मुख्यालय आहे, त्याची वस्ती ५० हजारांच्या वर आहे आणि चारही बाजूंनी हिरोशिमा-शि आहे, पण ते अजून चो आहे. इवातेमधलं ताकिझावा ५० हजारांच्या वर जाऊनही बराच काळ मुरा राहिलं आणि २०१४ च्या १ जानेवारीला थेट शि झालं. म्हणून ‘शि’ वाचून गजबजाट आणि ‘मुरा’ वाचून भातशेती डोळ्यांपुढे आणू नये.

फुचुचा आणखी एक गुंता आहे. हिरोशिमा-केनमध्येच फुचु-चो शिवाय एक वेगळं फुचु-शि आहे, आणि टोकियोतही फुचु-शि आहे. एकाच नावाचे दोन शि नसावेत असा संकेत आहे, पण ही दोन्ही १९५४ मध्ये शि झाली आणि तशीच राहिली. दाते-शिही दोन आहेत, एक होक्काइदोत आणि दुसरं फुकुशिमात. या चार ठिकाणी तो, दो किंवा केन न लिहिलेला पत्ता कुचकामी.

आता गुन. पत्त्यात केन आणि चो यांच्यामध्ये गुन आला की तो जिल्हा किंवा तालुका वाटतो. एकेकाळी तो तसा होताही. गुनचं सभागृह होतं, प्रमुख होता, कचेरी होती. १९२१ च्या कायद्याने त्याचा स्वायत्त कारभार संपवला आणि १९२६ मध्ये कचेऱ्याही बंद झाल्या. तेव्हापासून गुन हे फक्त पत्त्यातलं आणि नकाशावरचं नाव आहे. गुनमध्ये फक्त चो आणि सोन असतात. एखादं चो शि झालं की त्याच क्षणी गुनमधून बाहेर पडतं. म्हणून एका पत्त्यात गुन आणि शि एकत्र दिसले तर पत्ता चुकला आहे किंवा जुना आहे. गुनमधली सगळी चो शि झाली किंवा शिमध्ये विलीन झाली की गुनच नाहीसा होतो. १९९९ ते २०१० या काळातल्या मोठ्या विलीनीकरणात पालिकांची संख्या (टोकियोचे विशेष कु सोडून) ३,२३२ वरून १,७२७ वर आली आणि अशा कित्येक गुनांची नावं पत्त्यांतून गेली. त्या काळाआधीचं पुस्तक, नकाशा किंवा घराण्याचा कागद वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

‘कु’ या प्रत्ययावर जरा थांबायला हवं, कारण एकच अक्षर दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टींना लागतं.

पहिला प्रकार, टोकियोचे २३ विशेष कु. टोकियो-शि नावाचं शहर एकेकाळी होतं. १ जुलै १९४३ ला युद्धकाळात टोकियो-फु आणि टोकियो-शि एकत्र करून टोकियो-तो बनवला गेला. त्या दिवसापासून ‘टोकियो शहर’ कायद्याने अस्तित्वात नाही. जुन्या शहराचे ३५ कु होते, ते १९४७ मध्ये एकत्र करून २३ झाले. प्रत्येक विशेष कु ही शिसारखीच संस्था आहे. तिचा प्रमुख ‘कुचो’ मतदारांनी निवडलेला असतो आणि तिला स्वतःचं सभागृह असतं. एदोगावा-कु मधल्या निशि-कासाइ भागात भारतीय वस्ती मोठी आहे. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये ज्या सभागृहावर निवडून आले ते याच एदोगावा-कुचं. शिपेक्षा विशेष कुचे अधिकार थोडे कमी आहेत. पाणीपुरवठा, सांडपाणी, अग्निशमन ही कामं इतरत्र शि करतं, इथे ती टोकियो-तो स्वतः करतो. आकारात हे कु एकमेकांसारखे मुळीच नाहीत. सेतागाया-कुमध्ये नऊ लाखांहून अधिक लोक राहतात, अख्ख्या तोत्तोरि-केनपेक्षा जास्त, तर चियोदा-कुमध्ये एक लाखही नाहीत.

दुसरा प्रकार मोठ्या शिंच्या पोटातले कु. सरकारने आदेश काढून नेमलेली अशी २० मोठी शहरं आहेत. कायद्यात अट पाच लाख लोकसंख्येची. १९५६ मध्ये पहिली पाच ठरली : ओसाका, नागोया, क्योतो, योकोहामा, कोबे. शेवटचं कुमामोतो, २०१२ मध्ये. त्यांचे कु म्हणजे पालिकेची विभागीय कार्यालयं, आपल्याकडच्या महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयांसारखी. त्यांना सभागृह नाही आणि कुचो हा शिने नेमलेला अधिकारी असतो. योकोहामाचे १८ कु आहेत, पण महापौर एकच. पुण्यातल्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानाला, म्हणजे पु. ल. देशपांडे उद्यानाला, ज्या बागेची प्रेरणा आहे ती कोराकुएन बाग ओकायामा-केन, ओकायामा-शि, किता-कु इथे आहे. तिथला किता-कु हा याच प्रकारचा.

ओळखायची खूण सोपी आहे. कुच्या आधी शि असेल तर तो शिचा विभाग, आणि कुच्या आधी थेट टोकियो-तो असेल तर तो स्वतंत्र विशेष कु. किता-कु, म्हणजे उत्तर विभाग, हे नाव टोकियो, ओसाका, क्योतो, कोबे, नागोया, साप्पोरो अशा कितीतरी ठिकाणी आहे, त्यामुळे आधीचा शब्द गाळून चालत नाही.

हा फरक किती खोल आहे हे ओसाकाने दाखवलं. ओसाका-शि मोडून टोकियोसारखे विशेष कु करायचे, या प्रस्तावावर तिथे दोनदा जनमत घेतलं गेलं. २०१५ मध्ये पाच विशेष कुंचा आराखडा होता, २०२० मध्ये चार कुंचा. दोन्ही वेळा मतदारांनी थोड्या फरकाने तो नाकारला. ओसाका-शि आणि तिचे २४ कु कायम राहिले.

शिच्या आतले कु बदलूही शकतात. हामामात्सु-शिने १ जानेवारी २०२४ पासून सात कुंचे तीन केले. त्याआधी ‘हामामात्सु-शि, किता-कु’ असा पत्ता बरोबर होता, आज तो कु नाही.

टोकियो-तो म्हणजे फक्त हे २३ कु असंही नाही. पश्चिमेला २६ शि आहेत, आणि तो मध्ये एकूण ५ चो आणि ८ मुराही आहेत. त्यांतले बरेचसे समुद्रातल्या बेटांवर. ओगासावारा-मुरा शहरापासून सुमारे हजार किलोमीटर दक्षिणेला आहे आणि तोही टोकियोच. उलट ‘टोकियो डिस्नीलँड’ चिबा-केनमधल्या उरायासु-शिमध्ये आहे आणि नारिता विमानतळही चिबा-केनमध्येच.

प्रत्ययासारखी दिसणारी पण प्रत्यय नसलेली अक्षरं हा वाचकाला छळणारा आणखी एक भाग. शिचं अक्षर ‘इचि’ असंही वाचलं जातं आणि तेव्हा त्याचा अर्थ बाजार. मिए-केनमधलं योक्काइचि-शि लिहिताना तेच अक्षर लागोपाठ दोनदा येतं, एकदा नावातलं आणि एकदा प्रत्यय. निइगातामधलं तोकामाचि-शि हे नावात माचि असलेलं शि आहे, टोकियोतलं हामुरा-शि नावात मुरा असलेलं, आणि गुन्मामधलं तामामुरा-माचि तर मुरा आणि माचि दोन्ही अंगावर वागवतं. गुनचं अक्षर कोरियामा-शिच्या नावात ‘कोरि’ म्हणून बसलेलं आहे. गुन्मा-केनमधला ‘गुन्’ दिसायला जवळचा असला तरी अक्षरच वेगळं आहे. उपाय एकच : तुकड्यातलं सर्वांत शेवटचं अक्षर बघायचं. मधल्याकडे लक्ष द्यायचं नाही.

केन आणि त्याची राजधानी यांची नावं कधी जुळतात, कधी नाहीत. हिरोशिमा-केनची हिरोशिमा-शि, पण आइचीची नागोया, मियागीची सेंदाइ, ह्योगोची कोबे, इशिकावाची कानाझावा. तोचिगि-केनमध्ये तोचिगि-शि आहे, पण राजधानी उत्सुनोमिया. ‘क्योतो पाहिलं’ म्हणणारा बहुधा क्योतो-शिबद्दल बोलत असतो. क्योतो-फु मात्र थेट जपान समुद्रापर्यंत पसरलेला आहे आणि आमानोहाशिदाते हा प्रसिद्ध किनारा त्यातल्या मियाझु-शिमध्ये येतो. कान्तो, कान्साइ, तोहोकु, शिकोकु, क्युशु ही विभागांची नावं बातम्यांत आणि हवामानात सतत येतात, पण त्यांच्यामागे सरकार नाही आणि पत्त्यातही ती लिहीत नाहीत.

पालिकेच्या खालचे तुकडे कारभाराचे नसून जागेचे आहेत, आणि इथे चो परत भेटतो. जिंबोचो, काबुकिचो, युराकुचो हे मोहल्ले आहेत, त्यांना ना सभागृह ना प्रमुख. टोकियो-तोच्या मुख्य कचेरीचा पत्ता शिंजुकु-कु, निशि-शिंजुकु २-८-१ असा आहे. यातला २ म्हणजे चोमे, मोहल्ल्याचा क्रमांकित भाग; ८ म्हणजे बान, चारही बाजूंनी रस्त्यांनी वेढलेला तुकडा; १ म्हणजे गो, इमारतीचा क्रमांक. ही पद्धत १९६२ च्या कायद्याने आली. त्यात तुकड्याच्या कडेने घड्याळाच्या दिशेने साधारण १० ते १५ मीटरवर एक असे क्रमांक ठरलेले असतात आणि घराचं दार ज्या टप्प्यात उघडतं तो क्रमांक त्याला मिळतो. म्हणून दोन शेजारच्या घरांचा गो एकच असू शकतो. जिथे ही पद्धत लागू झालेली नाही तिथे ‘बांचि’ असतो, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला क्रमांक. जमिनीचे तुकडे पडत गेले की त्याला उपक्रमांक जोडले जातात, आणि लगतचे बांचि जागेवर लगत असतीलच असं नाही. खेड्यांकडच्या पत्त्यात ओआझा आणि आझा येतात. ओआझा हे बहुधा १८८९ च्या विलीनीकरणात गिळल्या गेलेल्या जुन्या खेड्याचं नाव असतं. क्योतोत तर चौकावरून पत्ता सांगतात. क्योतो-शिच्या पालिकेच्या पत्त्यात ‘तेरामाचि-दोरि ओइके आगारु’ असं येतं, म्हणजे तेरामाचि रस्त्यावर, ओइके रस्त्यापासून उत्तरेला. ‘सागारु’ असेल तर दक्षिणेला.

जपानी संकेतस्थळावर अर्ज भरताना पत्त्याचे रकाने याच रचनेवर बेतलेले असतात. आधी सात आकडी पिनकोड टाकावा, पुष्कळदा पुढचं आपोआप भरतं. ‘तोदोफुकेन’ च्या यादीतून ४७ पैकी एक निवडायचं. ‘शिकुचोसोन’ च्या रकान्यात गुनसकट पूर्ण नाव जातं. नुसता ‘इतो-गुन’ लिहिला तर पालिका कळत नाही, तिथे ‘इतो-गुन कोया-चो’ हवं. मोठ्या शहरात शि आणि कु दोन्ही याच रकान्यात. टोकियोच्या विशेष कुसाठी मात्र फक्त कु, तिथे ‘टोकियो-शि’ लिहू नये. पुढच्या रकान्यात मोहल्ला आणि आकडे. अर्ज परत येत राहिला तर आकडे आणि त्यांमधली रेघ जपानी रुंदीच्या, म्हणजे ‘फुल-विड्थ’, अक्षरांत मागितली आहे का ते तपासावं. बहुतेकदा अडचण तिथे असते.

घर बदलतानाही हेच प्रत्यय कामाला येतात. नव्या जागी राहायला गेल्यावर १४ दिवसांच्या आत नव्या पालिकेत नोंद करावी लागते, परदेशी नागरिकाने निवास-कार्ड बरोबर न्यायचं. एदोगावा-कुमधून शेजारच्या कोतो-कुमध्ये गेलात तर पालिका बदलली, म्हणून आधी जुन्या कुमध्ये बाहेर जात असल्याची नोंद आणि मग नव्या कुमध्ये आल्याची. योकोहामात नाका-कुमधून निशि-कुमध्ये गेलात तर शि तीच, म्हणून बाहेर जाण्याची नोंद लागत नाही, नव्या कुच्या कचेरीत एकच अर्ज पुरतो. रहिवासी कराची आकारणी १ जानेवारीला तुमची नोंद ज्या पालिकेत होती ती करते. फेब्रुवारीत घर बदललं तरी त्या वर्षीचं बिल जुन्या पालिकेकडूनच येईल, आणि ते भरावं लागेल.